समेट कीं शरणागति ?

आमच्या पांढरपेशा घरांतून पिढ्यान् पिढ्या भरत आलेली एक सभा आहे. तिला अध्यक्ष नसतो, तिचें इतिवृत्त कोणी लिहीत नाहीं, आणि तिची कुणकुण शेजारच्या बिऱ्हाडालाहि लागूं नये अशी खबरदारी घेतली जाते. दार लोटलेलें असतें, चहाचे कप एकदां फिरून गेलेले असतात. एका बाजूला मुलीचे वडील, मामा आणि थोरला भाऊ. दुसऱ्या बाजूला जांवई, त्याचे आईवडील आणि दोन्ही घरांना मान्य असा कोणी वडीलधारा गृहस्थ. मुलगी आंतल्या खोलीच्या दाराशीं उभी. तिच्या दंडावर कांहीं दिवसांपूर्वीचा निळा डाग असतो. तो बाहीनें झांकलेला असतो. परंतु तो सर्वांना ठाऊक असतो, आणि म्हणूनच तिकडे कोणी पाहात नाहीं. तासा-दोन तासांनीं निकाल लागतो : "झालें गेलें विसरा. त्यानें राग आंवरावा, हिनें उलट बोलूं नये. दोघांनींहि थोडें थोडें सांभाळून घ्यावें." मुलगी बॅग उचलून नवऱ्याच्या मागून जिना उतरते. मागें उरलेली मंडळी सुस्कारा सोडून म्हणते, "चला, समेट झाला !"

आमचें म्हणणें असें कीं, याला समेट म्हणणें हा शब्दांचा दुरुपयोग आहे. समेट बरोबरीच्या दोन पक्षांत होतो. दोघेहि कांहीं देतात, दोघेहि कांहीं घेतात, आणि अटी मोडल्या तर दोघांनाहि उठून जातां येतें. वरील बैठकींत एका पक्षानें मार दिला व दुसऱ्यानें तो खाल्ला. आतां मार देणारानें वचन द्यावयाचें व खाणारीनें जीव द्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. आश्रयाला आलेल्या माणसास ज्याच्या भीतीनें तें आलें त्याच्याच स्वाधीन करणें, या क्रियेला मराठींत समेटाहून वेगळे आणि पुष्कळ कठोर शब्द आहेत.

प्रारंभींच सांगून टाकतों कीं, आमचा रोख मारणाऱ्या नवऱ्यापेक्षां या बैठकीवर अधिक आहे. मारणाऱ्याचा निषेध करावयास फारसें धैर्य लागत नाहीं. तो सर्वच करतात, आणि प्रसंग स्वतःच्या घरीं आला म्हणजे त्या निषेधाला एक 'परंतु' जोडतात. छळ करणारा एकटा असतो. त्याचा छळ वीस-वीस वर्षें चालूं शकतो याचें कारण त्याच्या मनगटांत नाहीं, त्याच्या भोंवतीं बसलेल्या सभ्य, सुशिक्षित आणि पापभीरु माणसांच्या सल्ल्यांत आहे. तो सल्ला तीन समजुतींवर उभा आहे. त्या एकामागून एक तपासून पाहाव्या, आणि त्या खोट्या ठरल्यास तो सल्ला देणें आपण सोडून द्यावें, एवढाच या लेखाचा हेतु.

पहिली समजूत अशी कीं, हा सर्व रागाचा परिणाम आहे. 'माणूस सोन्यासारखा आहे हो, पण राग आला कीं त्याला भान राहात नाहीं !' या भान हरपणाऱ्या रागाची थोडी उलटतपासणी करूं. कचेरींत साहेब चारचौघांदेखत पाणउतारा करतो तेव्हां हा राग कोठें असतो ? बँकेंतला कारकून एका सहीसाठीं तीन खेपा घालावयास लावतो, चौकांतला पोलीस गाडी अडवून दंडाची पावती हातांत ठेवतो, तेव्हां या सोन्यासारख्या माणसाचा हात कोणाच्या कानशिलापर्यंत गेल्याचें कोणीं ऐकलें आहे काय ? तेथें तो हात जोडतो. मग घरीं येतो, दार लावून घेतो, आणि त्याचें भान नेमकें दार लागल्यावर हरपतें. दाराची घंटी वाजली कीं तें परत येतें, आवाज क्षणांत खालीं उतरतो आणि पाहुण्यास 'या, बसा' म्हटलें जातें. मारतांना चेहरा सोडून पाठ निवडली जाते, कारण पाठ कोणास दिसत नाहीं. वस्तु फुटतात त्या तिच्या फुटतात; त्याचा स्वतःचा मोबाईल सहसा फुटत नाहीं. जो राग स्थळ पाहतो, वेळ पाहतो, माणूस पाहतो आणि जखमेची जागासुद्धां पाहतो, त्याला भान नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें ? येथें स्वतःवरचा ताबा सुटलेला नाहीं. दुसऱ्यावर ताबा बसविला जात आहे.

हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे, ज्या गोष्टी बैठकींत 'किरकोळ' म्हणून बाजूला सारल्या जातात त्यांचा अर्थ लागूं लागतो. तिच्या पगाराचें कार्ड त्याच्या खिशांत कां; भाजीच्या पिशवीबरोबर पै-पैचा हिशेब कां; फोन कोणाचा, इतका वेळ काय बोललीस, माहेरीं दिवाळीला चार दिवस कशाला, हे प्रश्न रोज कां; मैत्रिणी एकेक करून कां सुटल्या; नोकरी 'मुलांसाठीं' कां सोडावी लागली; पाहुण्यांसमोर तिच्या रंगाची, बोलण्याची, माहेरच्या गरिबीची थट्टा कां होते. यांतील कोणतीहि एक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक दिसेल. परंतु दोरखंडाची ताकद एकेक धागा तपासून कळत नाहीं. अशा पुष्कळ घरांत हात उगारण्याची गरज वर्षांतून एक-दोनदांच पडते. उरलेले दिवस त्या एक-दोन वेळांच्या आठवणीवर राज्य चालतें. आणि त्यानंतर येणारा पश्चात्ताप, तें डोळ्यांतलें पाणी, ती साडी, तो गजरा, तें मुलांसह बाहेरचें जेवण, हेंहि त्या राज्यकारभाराच्या बाहेरचें नव्हे. तो पश्चात्ताप कित्येकदां खरा असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या पश्चात्तापानें चार दिवस बदलतात आणि अधिकार मात्र जेथल्या तेथें राहतो, त्याच्या भरंवशावर मुलीस परत पाठविणारांनीं आपली बँकेंतील ठेव तरी अशा वचनावर कोणाच्या हवालीं केली असती काय, हें स्वतःस विचारून पाहावें.

दुसरी समजूत 'भांडणा'ची. घर म्हटलें कीं भांड्याला भांडें लागणारच. आणि टाळी कांहीं एका हातानें वाजत नाहीं! ही म्हण निघाली कीं निकाल लागलाच असें समजावें, कारण तिनें मारणारा आणि मार खाणारी यांना एकाच पंक्तीस बसविलेलें असतें. टाळी एका हातानें वाजत नसेल. थप्पड एकाच हातानें बसते. नवराबायकोंत भांडणें होतात, कडाक्याचीं होतात. होऊंच नयेत असें म्हणणारा मनुष्य संसारांत नवखा असला पाहिजे. परंतु भांडण आणि छळ यांतील भेद आवाजाच्या चढउतारावर ठरत नाहीं, तो भीतीवर ठरतो. भांडण झालेली बायको संध्याकाळीं दाराची कडी वाजली म्हणजे तोंड फिरवून बसेल. छळ सोसणारी बायको कडी कशी वाजली यावरून आजची रात्र कशी जाणार याचा अंदाज बांधते, आणि मुलांना पुस्तकें घेऊन आंतल्या खोलींत जा म्हणून डोळ्यांनीं खुणावते.

ही भीतीची कसोटी स्त्री-पुरुष पाहात नाहीं, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. बायकोच्या धाकांत राहणारा नवरा असेल, मुलाजवळ औषधाला पैसे मागावयास भिणारी म्हातारी आई असेल, सासूच्या तोंडास भिणारी सून असेल. ज्याला आपल्याच घरांत जपून श्वास घ्यावा लागतो तो पीडित, मग तो कोणी कां असेना. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालीं आम्हांस करावा लागला, तो कांहीं परक्यांच्या घरांकडे पाहून केलेला नाहीं. परंतु ज्या घरांत मिळकत, जागेची मालकी, आडनांव आणि नातलगांचा कौल हीं चारहि एकाच बाजूला असतात, त्या घरांत भीति कोणत्या बाजूला असणार हें सांगावयास ज्योतिषी नको.

आणि अशीं घरें थोडीं नाहींत. २०१९-२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत, १८ ते ४९ वयाच्या विवाह झालेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा २९ स्त्रियांनीं नवऱ्याकडून शारीरिक अथवा लैंगिक हिंसा सोसल्याचें सांगितलें. त्याच सर्वेक्षणांत, सांगितलेल्या कारणांपैकीं एखाद्या तरी कारणासाठीं नवऱ्यानें बायकोस मारणें योग्य आहे, असें शेंकडा ४५ स्त्रियांनीं व शेंकडा ४४ पुरुषांनीं म्हटलें. म्हणजे बैठक केवळ दिवाणखान्यांत भरत नाहीं. ती मार खाणारीच्या डोक्यांतहि भरलेली आहे. परंतु आम्हांस सर्वांत बोलका वाटतो तो तिसरा आंकडा. अशी हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं मदत मागितली ती शेंकडा १४ जणींनीं. शेंकडा ७७ जणींनीं मदत तर मागितली नाहींच, पण कोणाजवळ शब्दहि काढला नाहीं.

या ७७ चा अर्थ आम्हांस पुस्तकांतून कळला नाहीं. फार वर्षांपूर्वीं अशा एका बैठकीस आम्हीहि बसलों होतों. आमच्या शब्दाला मान होता, आणि तो आम्हीं वर दिल्याप्रमाणेंच खर्च केला : दोघांनींहि सांभाळून घ्यावें. मुलगी परत गेली. पुढें नऊ वर्षें तिच्याकडून एकहि तक्रार आली नाहीं. सणावारीं ती भेटे, वांकून नमस्कार करी, 'बरें आहे' म्हणे. आणि आपला सल्ला कसा फळास आला याचा दाखला म्हणून तिचें उदाहरण आम्हीं दोन-तीन ठिकाणीं मोठ्या समाधानानें सांगितलेंहि. दहाव्या वर्षीं ती दोन मुलांना घेऊन, आम्हां कोणासहि न विचारतां, एका परगांवच्या मैत्रिणीकडे निघून गेली. तेव्हां कळलें कीं त्या नऊ वर्षांत कांहींएक थांबलें नव्हतें. थांबलें होतें तें फक्त आम्हांस सांगणें. बैठकीनें तिचा मार बंद केला नाहीं, तिचें तोंड बंद केलें. तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी म्हण आहे. तींत बुक्के मारणारा हात नवऱ्याचा असेल, पण तोंड दाबणारा हात आमचा होता.

येथें तिसरी समजूत पुढें येते : इतकें असह्य होतें, तर ती निघून कां गेली नाहीं ? हा प्रश्न विचारणारे सहसा विसरतात कीं, ती निघालीच होती, आणि आपणच तिला परत पाठविली. निघून जाण्यास पाय लागतात तसें पोहोंचण्यास ठिकाण लागतें. तें ठिकाण आम्हीं किती काळजीनें नाहींसें केलें आहे पाहा. महाराष्ट्रानें १९९४ सालीं, आणि हिंदु उत्तराधिकार कायद्यांत दुरुस्ती करून संसदेनें २००५ सालीं, एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. त्यावर आमच्या घरांनीं काढलेला तोडगा म्हणजे हक्कसोडपत्र. बहीण भावाच्या प्रेमाखातर, किंवा त्याच्या रुसव्याच्या भीतीनें, दुय्यम निबंधकाच्या कचेरींत जाऊन सही करते. साडीचोळी घेऊन परत येते. आणि पुढें कधीं रात्रीं-अपरात्रीं बॅग घेऊन येण्याची वेळ आली, तर ज्या दारांत ती उभी राहते तें दार तिनें स्वतःच्या सहीनें भावाचें केलेलें असतें. वहिनीच्या कपाळावरची आठी ती पहिल्या दिवशींच वाचते. मग तिची पोटचीं पोरें, त्यांची शाळा, हातीं नसलेला पैसा. आणि या सर्वांहून मोठें कारण हें कीं, सत्ता हातची जाते असें दिसतांच सत्ताधारी अधिक क्रूर होतो. घर सोडण्याचा काळ हाच अशा स्त्रीच्या जिवाला अतिशय धोक्याचा असतो, हें या क्षेत्रांत काम करणारे सर्वत्र सांगत आले आहेत. ती भित्री आहे म्हणून राहात नाहीं. हिशेबी आहे म्हणून राहते. धोका तिनें आपल्यापेक्षां अधिक बारकाईनें मोजलेला असतो.

तिला परत पाठविण्याची ही आमची खोड जुनी आहे, आणि तिला एकेकाळीं न्यायासनाचाहि पाठिंबा होता. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाईंनीं मोठेपणीं नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें, तेव्हां दादाजी भिकाजींनीं १८८४ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. न्यायमूर्ति पिन्हे यांनीं १८८५ सालीं तो फेटाळला. अपिलांत तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं, महिन्याभरांत नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंग भोगा. रखमाबाईंनीं तुरुंगाची तयारी दाखविली. त्या वेळच्या आमच्या थोर थोर पत्रांनींहि नवऱ्याची बाजू उचलून धरली होती, हें आज वाचतांना मान खालीं जाते. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन त्यांची सुटका झाली. त्या इंग्लंडांत वैद्यकी शिकल्या आणि पुढें सुरत, राजकोट येथें वर्षानुवर्षें डॉक्टर म्हणून राबल्या. त्या खटल्यांत प्रश्न मारहाणीचा नव्हता. प्रश्न इतकाच होता कीं, स्त्रीच्या 'मी जाणार नाहीं' या शब्दांना कांहीं किंमत आहे काय. तुरुंगाची धमकी कायद्यांतून गेली. परंतु नांदावयास येण्याचा हुकूम मागण्याचा अधिकार हिंदु विवाह कायद्याच्या ९ व्या कलमांत राहिला. १९८३ सालीं आंध्र हायकोर्टानें तें कलम घटनाबाह्य ठरविलें, तर पुढच्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें तें घटनेस धरून असल्याचा निर्वाळा दिला. आमची दिवाणखान्यांतली बैठक ही त्या जुन्या न्यायासनाची धाकटी बहीण आहे. फरक इतकाच कीं, पिन्हेसाहेबासारखा एखादा न्यायाधीश तेथें चुकूनहि बसत नाहीं.

याच्या उलट, जो कायदा अनेक सुशिक्षितांना 'घरें फोडणारा' वाटतो, त्याची समज आमच्या बैठकीपेक्षां किती सूक्ष्म आहे तें पाहण्यासारखें आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आला. त्यानें हिंसेंत शारीरिक व लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळहि धरला. म्हणजे आम्हीं किरकोळ म्हणून टाकून दिलेले धागे त्यानें उचलून त्यांचा दोर वळून दाखविला. घर कोणाच्याहि नांवावर असो, ज्या सामायिक घरांत ती नांदली तेथें राहण्याचा हक्क १७ व्या कलमानें तिला दिला. निघून जावयाचें तर तिनेंच कां, हा प्रश्न कायद्यानें प्रथमच विचारला. आणि या कायद्याखालीं २००६ सालीं झालेल्या नियमांत समुपदेशनाविषयीं एक अट आहे, ती प्रत्येक वडीलधाऱ्या गृहस्थानें पाठ करावी अशी आहे. समुपदेशनाच्या वेळीं प्रतिपक्षास आपल्या हिंसेचें कोणतेंहि समर्थन मांडूं द्यावयाचें नाहीं, आणि हें त्यास आधींच सांगावयाचें. 'तिनें उलट उत्तर दिलें', 'स्वयंपाक वेळेवर नव्हता', 'माहेरचें कौतुक फार' या सर्वांना तेथें दार बंद. आमची बैठक मात्र नेमकी तेथूनच सुरू होते : 'बरें, हात उगारण्यासारखें झालें तरी काय ?' ज्या क्षणीं हा प्रश्न विचारला जातो, त्या क्षणीं हात उगारण्यासारखें कांहीं असूं शकतें हें सर्वांनीं मान्य केलेलें असतें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप खोट्या तक्रारींचा. खोट्या तक्रारी होतात, हें आम्हांस मान्य आहे. कोणत्याहि कायद्याखालीं होतात. घरांतल्या प्रत्येक नातलगाचें नांव गोंवून म्हाताऱ्या सासूसासऱ्यांना पोलीस चौकी दाखविणें हा अन्याय आहे, आणि सरसकट अटक करूं नये हें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बजाविलें तें योग्यच झालें. परंतु खोट्या तक्रारीवर उपाय म्हणजे कसून चौकशी; समेटाची सक्ति हा उपाय नव्हे. २०१७ सालीं त्याच न्यायालयानें, क्रूरतेच्या तक्रारी प्रथम कुटुंब कल्याण समित्यांकडे पाठवाव्या असें सांगितलें. २०१८ सालीं त्या समित्या कायद्याच्या चौकटींत बसत नाहींत म्हणून बाजूला सारल्या. आणि जुलै २०२५ मध्यें, अलाहाबाद हायकोर्टानें घालून दिलेली तशाच समित्यांची व दोन महिन्यांच्या निवण्याच्या मुदतीची योजना पुन्हां उचलून धरली. न्यायालयाच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु दोन महिन्यांत निवतो तो राग. आणि हा राग नव्हेच, हें आम्हीं वर दाखविलें आहे. सत्ता दोन महिन्यांत निवत नाहीं. ती दोन महिने वाट पाहते, निरोप पाठविते, मुलांना मध्यें घालते. जिची तक्रार खरी आहे तिला हे दोन महिने कोणत्या छपराखालीं काढावयाचे, हें त्या योजनेनें आधीं ठरवावयास पाहिजे होतें.

दुसरा आक्षेप कुटुंबसंस्थेचा. अशानें घरें मोडतील, मुलांचें काय होईल ? आम्हांसहि घर प्रिय आहे, आणि म्हणूनच तें शब्दापुरतें उरूं नये असें वाटतें. जेथें एका माणसाच्या पावलांचा आवाज ऐकून बाकीचीं गप्प होतात, तें घर आधींच मोडलेलें आहे. आपण जें वांचवितों ती त्याची दारावरची पाटी. मुलांचें म्हणावें तर, तीं आंतल्या खोलींत पुस्तक उघडें ठेवून सर्व ऐकत असतात. त्यांना तेथें जें शिक्षण मिळतें त्यांतून कांहीं मुलगे मारावयास शिकतात, कांहीं मुली सोसावयास शिकतात. आणि सगळींच एक गोष्ट शिकतात कीं, बाहेरचें मोठें माणूस मदतीला येत नाहीं.

मग बैठकीला बोलावणें आलें तर जाऊं नये काय ? अवश्य जावें, परंतु वेगळें वागावें. प्रथम मुलीस एकटीला भेटावें, नवऱ्यासमोर तिला प्रश्न विचारूं नये. भीति ज्याची वाटते त्याच्यासमोर खरें बोलण्याची अपेक्षा करणें हा क्रूरपणा आहे. ती सांगेल तें मध्यें न थांबवितां ऐकावें. 'तूं काय केलेंस ?' हें विचारूं नये. 'तुला भीति वाटते काय, आणि कशाची?' हें विचारावें. निर्णय तिचा असूं द्यावा. एका धन्याच्या हातून सोडवून तिला दुसऱ्या धन्याच्या, म्हणजे आपल्या, हुकमांत ठेवणें ही सुटका नव्हे. ती अजून राहतें म्हणाली तरी रागावून संबंध तोडूं नये. 'आमचें ऐकलें नाहींस, आतां तुझें तूं पाहा' हें वाक्य छळणाऱ्याच्या फार उपयोगी पडतें. निघावयाचें ठरलें तर तें जाहीर करून निघूं नये. आधार कार्ड, बँकेचें पुस्तक, मुलांचे दाखले, औषधें आणि दागिन्यांच्या पावत्या आधीं बाहेर विश्वासाच्या जागीं पोहोंचवाव्या. जखम झाली तर सरकारी दवाखान्यांत दाखवून कागद घ्यावा आणि कारण खरें सांगावें. न्हाणीघरांत पाय घसरल्याच्या नोंदी आमच्या दवाखान्यांत आधींच फार झाल्या आहेत. संरक्षण अधिकाऱ्यास कोणींहि कळविलें तरी चालतें, आणि चांगल्या हेतूनें कळविणाऱ्यावर कोणतीहि जबाबदारी येत नाहीं, असें कायद्याचें ४ थें कलम सांगतें. तेव्हां भिंतीला कान लावून ऐकणाऱ्या शेजाऱ्यानें 'घरगुती बाब' म्हणून दूरदर्शनचा आवाज मोठा करूं नये. स्त्रियांसाठीं १८१ आणि तांतडीच्या मदतीसाठीं ११२ हे क्रमांक त्याच्याहि मोबाईलवर लागतात.

आणि त्या मारणाऱ्याशीं बोलावयाचें नाहीं काय ? बोलावयाचें, परंतु त्याच्या रागाची समजूत घालण्यासाठीं नव्हे. त्याला इतकेंच सांगावयाचें कीं, तुझ्या कारणांशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. हात, धमकी, पैशाची कोंडी आणि पाळत हीं चारहि आजपासून बंद. नाहीं तर घर तूं सोडावयाचेंस, तिनें नव्हे. आणि पुढची भेट न्यायालयांत. हें त्याच्या वडिलांनीं, मामानें, मित्रानें म्हटलें पाहिजे. आजवर हीं सर्व माणसें तिच्याकडे वळून बोलत आलीं आहेत. त्यांनीं नुसती मान वळविली, तरी त्या खोलींतली सत्ता हलेल. माणसें बदलत नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्याला बदलण्याची कधीं गरजच पडूं दिली नाहीं, तो कां बदलावा?

आम्हीं ज्या मुलीस परत पाठविलें तिची भेट पुढें झाली. आम्हीं क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुम्ही कांहीं वाईट बोलला नव्हतां. पण त्या दिवशीं जिना उतरतांना मला वाटत होतें कीं, कोणी तरी मागून हांक मारील." आम्ही पांच शहाणीं माणसें वर बसलों होतों, एकानेंहि हांक मारली नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं उद्यां अशी बैठक भरेल, त्यांनीं तरी ती हांक मारावी. आणि त्याआधीं, आज बैठक नसतांनाच, दोन गोष्टी कराव्या : कपाटांत हक्कसोडपत्राचा मसुदा तयार असेल तर तो फाडून टाकावा, आणि घराची एक किल्ली लेकीच्या हातांत द्यावी. ती वापरण्याची वेळ तिच्यावर न येवो. परंतु ती तिच्याजवळ आहे हें जांवयाला माहीत असावें.